छताची शीळ: एका कॅम्परव्हॅनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी जुनी घेतलेली. मुळात ती मालवाहू व्हॅन. आधीच्या मालकानं तिची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घेतली आणि डोक्यावर फायबरचं उचलायचं छत बसवलं. बिजागऱ्या मागे, त्यामुळे छत पुढून वर जातं आणि उघडी गाडी पाचरीसारखी दिसते. मिटलेली असताना टपावर परात उपडी घातल्यासारखी.

छत मिटलेलं राहावं म्हणून आतून, पुढच्या बाजूला, दोन पट्टे आणि दातेरी बकलं. दोन्ही कडांना गॅस शॉकर. हे शॉकर छत उचलायला मदत करतात, पण छत मिटलं तरी ते त्याला वरच ढकलत असतात. पुढे याचा संबंध येणार आहे. छत आणि टप यांच्यामध्ये चारही बाजूंनी रबराचं बीडिंग. छत उचललं की त्याच्याखाली उभ्या राहणाऱ्या कापडी भिंतींना बाहेरून, मध्यावर, इलॅस्टिकची दोरी गुंडाळलेली, म्हणजे छत खाली येताना कापड आत ओढलं जावं. एका कडेला बाजूचा तंबू अडकवायची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि छतावर चार ब्रॅकेटांवर उभं केलेलं सोलर पॅनेल.

मालक म्हणजे पन्नाशीतलं एक जोडपं. तो चालवतो, ती शेजारी बसते. नावं, गाव, गाडीची कंपनी, छत कुणी बसवलं हे सगळं इथे मुद्दाम वगळलं आहे. मी अशा गाड्यांची दुरुस्ती फावल्या वेळात करतो, आणि हे दोघं माझ्याकडे आले ते एका वाक्यासह: ‘छताचा फार आवाज येतो.’

त्याची तक्रार मोघम होती. तिची नव्हती. ‘तुम्ही स्वतः दोन तास बसून बघा,’ ती म्हणाली. ‘बोलायचं तर ओरडावं लागतं. मग आम्ही बोलणंच सोडून दिलंय. उतरले की अर्धा तास डोक्यात तीच शीळ.’

अडचण

‘छताचा आवाज’ असा एक आवाज नसतो, हे मला आधीच्या दोन-तीन गाड्यांवरून माहीत होतं. म्हणून गाडीला हात लावण्याआधी दोघांना सांगितलं की पुढच्या दोन फेऱ्यांत वहीत लिहून आणा: कसला आवाज, किती वेगाला सुरू होतो, कुठून येतो, वारा कुठल्या अंगाचा होता. वही अर्थातच तिनं लिहिली. त्या पानावरच्या तीन ओळी अशा:

शीळ. ८० नंतर. एकच सूर. मोठा ट्रक शेजारी आला की थांबते, पुढे गेला की परत.

सूं-सूं. ६० पासूनच, वेगाबरोबर वाढते. पुढून, डोक्यावरून.

थडथड. ९० च्या वर. मागच्या बाजूला. कधी असते, कधी नसते.

मराठीत आवाजांना इतके वेगवेगळे शब्द आहेत याचा असा रोकडा फायदा मी पहिल्यांदाच पाहिला. या तीन शब्दांत निम्मं निदान होतं. शीळ म्हणजे ठरावीक सूर, तो कुठल्यातरी पोकळीतून किंवा कडेवरून निघतो. सूं-सूं म्हणजे फटीतून हवा जाते आहे. थडथड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि ते आपटतं आहे. तीन आवाज, तीन कारणं, आणि उपायही बहुतेक तीन.

एक गोष्ट त्यांनी जवळजवळ जाता जाता सांगितली. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पुढच्या कडेला, मूळ बीडिंगच्या वरच, फोमची नवी जाड पट्टी चिकटवली होती. ‘त्यानं कमी व्हायला हवं होतं ना? उलट थोडा वाढलाच.’ आणि आता तो पुढे लावायचा वारा-रोधक, म्हणजे छताच्या पुढच्या कडेसमोर बसणारी वाकडी प्लास्टिकची पाटी, मागवायच्या बेतात होता.

पहिला निर्णय: खरेदी थांबवणं

मी त्याला ती पाटी आठवडाभर मागवू नकोस म्हणालो. पाटी वाईट असते म्हणून नव्हे. पुढच्या कडेवर थेट आदळणारा वारा ती उचलून वरून नेते, आणि आवाज खरोखर त्या कडेचा असेल तर फरक पडतो. पण तिच्या वहीप्रमाणे तीनपैकी एकच आवाज पुढून येत होता. शिवाय पाटीची स्वतःची मागची कड असते. तिच्यामागे वारा घुसळतो आणि तो नेमका छताच्या मध्यावर येऊन आदळला तर जुन्या आवाजात नव्याची भर.

तो फारसा खूश नव्हता. सुट्टी जवळ आली होती आणि त्याला काहीतरी ‘लावून’ हवं होतं. मला हे समजतं. पैसे खर्च केले की काहीतरी केल्यासारखं वाटतं. टेप लावून गाडी फिरवली की पोरखेळ वाटतो.

मोजमाप

मोजायला फोनवरचं डेसिबलचं ॲप. फोनचे आकडे खरे किती यावर पैज लावू नये, पण तोच फोन, तीच जागा, तोच वेग ठेवला तर आधी आणि नंतर यांतला फरक बऱ्यापैकी कळतो. फोन तिच्या सीटच्या डोक्याच्या आधाराला बांधला. काचा बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. पहाटे, वारा पडलेला असताना, सपाट रस्त्याचा एकच तुकडा, जाताना आणि येताना असा दोनदा, आणि दोन्हींची सरासरी. वेग स्पीडोमीटरचा न घेता जीपीएसचा. चालवणाऱ्यानं फोनकडे बघायचं नाही, वेग सांभाळायचा. आकडे शेजारचा घेतो.

पहिला आकडा १०० च्या वेगाला ७४ डेसिबल. ८० ला ६९.

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. त्याची ताकद ढोबळमानानं वेगाच्या पाचव्या ते सहाव्या घातात वाढते, म्हणजे ८० वरून १०० वर गेलं की पाच-सहा डेसिबल आपोआप चढतात. आमच्या आकड्यांत पाचाचा फरक होता, त्यावरून गाडीतला बराचसा आवाज वाऱ्याचाच आहे, टायरचा किंवा इंजिनचा नाही, असा अंदाज बांधता आला. याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे सगळ्यांत स्वस्त उपाय: १०० ऐवजी ८५ नं गेलं की साधारण चार डेसिबल फुकटात कमी. तो हसला. ती हसली नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पुढची पाटी वर आलीच आहे.

दुसरा पर्याय छताच्या आतून आवाज अडवणारं अस्तर लावण्याचा. फायबरचा पातळ पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो, त्याला ब्युटाइल रबराच्या चिकट शीटचे तुकडे लावले की थरथर मंदावते हे खरं. पण शिळेवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि वजन वाढतं. शॉकर मूळ छताच्या वजनाला बेतलेले असतात. त्यावर चार-पाच किलो चढवले की छत उचलताना जोर लागतो आणि काही महिन्यांनी ते वर टिकत नाही. अस्तरामागे दमट हवा अडकून पाणी सुटतं ते वेगळंच. हा पर्याय मी शेवटाला ढकलला.

तिसरा, चारही बाजूंचं बीडिंग नवं घालणं. शक्य होतं, पण जुनं खराब आहे का हे कुणी पाहिलंच नव्हतं.

चौथा, छत आहे तसं नीट बसतंय का ते आधी बघणं. यात विकत घ्यायचं काही नव्हतं, म्हणूनच बहुधा तो कुणाला सुचला नव्हता.

टेपची फेरी आणि माझा वाया गेलेला दिवस

मास्किंग टेपचे चार गुंडाळे आणले. छताच्या पुढच्या कडेची पूर्ण फट आणि दोन्ही बाजूंची मध्यापर्यंतची फट बाहेरून टेपनं बंद केली. रंगाला न धरणारी कमी चिकट टेप घ्यायची, टोकं नीट घासून बसवायची आणि फेरी झाली की लगेच काढायची; उन्हात राहिली तर डिंक निघता निघत नाही.

फेरी मारली. सूं-सूं जवळजवळ गेली. थडथड होती तशीच. आणि शीळ? शीळ तर आता अधिकच स्वच्छ ऐकू येत होती, कारण तिच्यावर पांघरूण घालणारी सूं-सूं गेली होती.

पुढची कड पूर्ण बंद असताना शीळ वाजते आहे म्हणजे ती पुढच्या कडेची नाही. त्या क्षणी पाटी मागवायचा बेत बारगळला. त्यानं लावली असती तर शीळ तशीच राहिली असती आणि मग त्यानं दुसऱ्या कंपनीची पाटी मागवली असती.

यानंतर मी चुकलो. नजर वर गेली ती सोलर पॅनेलवर. ब्रॅकेटवर उभं, खाली दोन बोटांची मोकळी जागा, पुढची कड धारदार. गुन्हेगाराचा चेहराच. पॅनेलच्या पुढच्या कडेला टेप लावली, खालची जागा फोमनं भरली, ब्रॅकेट एकेक करून झाकले, प्रत्येक वेळी फेरी. संध्याकाळ झाली. शीळ जागच्या जागी.

घरी जाऊन त्या दिवशीचं रेकॉर्डिंग सूर दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकलं, जे सकाळीच करायला हवं होतं. शिळेचा सूर ११५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ११५० कंपनांच्या, आसपास. ८५ ला, ९० ला, १०० ला, सगळीकडे तोच.

इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण या एका निरीक्षणावर फिरलं. वारा एखाद्या दांडीवरून, तारेवरून किंवा कडेवरून जाताना सूर काढतो, तेव्हा तो सूर वेगाबरोबर चढतो. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रॉहाल यांनी १८७८ मध्ये हेच दाखवलं होतं: दांडी जेवढी बारीक आणि वारा जेवढा वेगवान, तेवढा सूर वरचा. हिशेब सोपा आहे, वेगाला जाडीनं भागायचं आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. ६ मिलिमीटरची दांडी ८० च्या वेगाला ७४० हर्ट्झला वाजेल, १०० ला ९२५ ला. म्हणजे चढताना कानाला सहज कळेल इतका फरक. आमची शीळ मात्र एकाच सुरावर अडून बसली होती. असं करते ती पोकळी. बाटलीच्या तोंडावर हळू फुंका की जोरात, सूर बाटली ठरवते.

आणि पोकळी केवढी? एका बाजूनं बंद नळीत सुराच्या लाटेच्या लांबीचा चौथा भाग मावतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला ११५० नं आणि मग चारानं भागलं की येतात साडेसात सेंटिमीटर. बोटाएवढी नळी शोधायची होती.

पेनाचं टोपण

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. तंबू अडकवायची ॲल्युमिनियमची पट्टी ती बसते त्या बाजूला, दाराच्या वरून जाते. समोरून पाहिलं तर पट्टीच्या पोटात एक गोल पोकळी, आठ मिलिमीटरची, आणि तिच्या तोंडावरचं प्लास्टिकचं बूच गायब. मागच्या टोकाचं जागेवर होतं, म्हणून मूळचं बूच कसं असतं ते कळलं. तार आत घातली. सात सेंटिमीटरवर अडली; आत कुणीतरी कधीतरी सिलिकॉनचा गोळा भरून ठेवलेला.

मी तोंड तिरकं करून त्या भोकावर फुंकलं, शाळेत पेनाच्या टोपणात फुंकायचो तसं. पहिल्या दोन वेळा नुसतीच हवा. तिसऱ्यांदा वाजलं.

ती गाडीत पुस्तक घेऊन बसली होती. दार उघडून बाहेर आली. ‘हीच! हीच ती! कुठे होती?’

मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा वाटाण्याएवढा गोळा तोंडात दाबला. फेरी मारली. शीळ संपली.

ती ‘छतातून’ येते असं दोघांना का वाटत होतं, याचं उत्तर सोपं आहे. पट्टी फायबरच्या कवचाला रिव्हेट केलेली, सूर कवचात उतरायचा आणि सगळं छत वाजायचं. कानाला जागा कळत नाही अशा वेळी. ट्रक शेजारी आला की वाऱ्याचा रोख बदलायचा, भोकावरून हवा नेमक्या कोनात जायची थांबायची आणि शीळ बंद. तिच्या वहीत हे पहिल्या दिवसापासून होतं. ती शीळ एका बाजूच्या वाऱ्याला वाजते, दुसऱ्या बाजूच्या नाही, हेही तिनं विचारल्यावर लगेच सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सूं-सूं: झाकणाखालचा चमचा

आता फटीकडे. कागदाच्या पट्ट्या कापल्या, छताच्या कडेनं वीतभर अंतरानं बीडिंगवर ठेवल्या, छत मिटून पट्टे आवळले आणि बाहेरून एकेक ओढून पाहिली. पुढच्या कडेला कागद फाटेल पण निघणार नाही इतका घट्ट. दोन्ही बाजूंना, नवी फोमची पट्टी जिथे संपत होती तिथून मागे हातभर, कागद आपोआप हातात.

म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवलं आणि खाली चमचा राहिला, तसा प्रकार. पुढे दुप्पट जाडी झाल्यामुळे छताचं तोंड वर राहिलं आणि बाजूंच्या बीडिंगला ते टेकेचना. त्यांनी आवाज कमी करायला लावलेली पट्टीच आवाज वाढवत होती.

फोम काढायला सकाळ गेली; डिंक अंगठ्यानं गोळा करत काढावा लागला. खालचं मूळ बीडिंग पाहिलं. बाजूंचं आणि मागचं ठणठणीत. पुढचं आणि पुढचे दोन कोपरे मात्र चपटे होऊन तसेच राहिलेले, दाबलं तरी फुगेनात.

इथे निर्णय घ्यायचा होता: सगळं बदलायचं की पुढचं तेवढं? बाजूंचं चांगलं रबर उपटून काढण्यात धोका असा की नवं पहिल्यांदा बसायला वेळ घेतं आणि एखाद-दोन मिलिमीटर जाड निघालं तर चमचा पुन्हा झाकणाखाली. आम्ही पुढचं तेवढं बदललं. किती जाडीचं घ्यायचं ते मापानं ठरवलं. बीडिंग काढलेल्या जागी क्लेचे आठ गोळे ठेवले, छत मिटून आवळलं, उघडलं आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजली. ९ ते ११ मिलिमीटर. पोकळ फुग्याचं बीडिंग मिटल्यावर पाव ते तिसऱ्या हिश्शानं दबावं, म्हणून १४ चं घेतलं. कोपऱ्यावर ते ताणून न लावता सैल वळवलं, कारण ताणलं की तिथेच बारीक होतं. जोड पुढच्या कडेवर न ठेवता बाजूला, मागे नेला. आणि पाणी वाहून जायच्या ज्या खाचा टपाच्या कडेला होत्या, त्यांच्यावर काहीही येऊ दिलं नाही. त्यांच्या फोमनं त्यातली एक बुजवली होती. आतल्या कोपऱ्यातला ओलसर डाग कुठून आला ते तेव्हा कळलं.

पट्टा सरकतो

नव्या बीडिंगनंतर सूं-सूं पहिल्या दहा मिनिटांत छान कमी होती. अर्ध्या तासानं परत डोकं वर काढायला लागली. ती म्हणाली, ‘पट्ट्याला हात लावून बघा, धावताना तो तंबोऱ्याच्या तारेसारखा होतो.’ खरंच होता. उभ्या गाडीत बोटानं छेडला तर ठप्प, १०० ला टणक.

वारा छताला वर ओढतो हे आपण ऐकून असतो, पण आकडा मांडला की गंभीर वाटतं. १०० च्या वेगाला वाऱ्याचा दाब साधारण ४६० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला ४६० न्यूटन. त्याचा तिसरा हिस्साच सरासरी वरची ओढ म्हणून धरला आणि छताचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर घेतलं, तरी पस्तीस किलोच्या आसपास जोर होतो. त्यात शॉकरचा ढकला. हे सगळं दोन बकलांवर.

मग दोन्ही पट्ट्यांवर, बकलाच्या अगदी काठाशी, पेन्सिलची रेघ ओढली. अर्ध्या तासाची फेरी. परत येऊन पाहिलं तर एका बाजूची रेघ बकलापासून सहा मिलिमीटर दूर गेलेली, दुसरी दोन. बकलाचे दात झिजले होते. उभ्या गाडीत पट्टा घट्ट वाटायचा आणि धावताना केसाकेसानं सुटत जायचा.

तो म्हणाला, आणखी आवळून घेऊ. मी नको म्हणालो. फायबरची पुढची कड दोन जागी जास्त ओढली की मध्ये कमानीसारखी वर येते, आणि मग फट मध्यावर. मध्ये तिसरा पट्टा बसवायचाही विचार झाला, पण त्यासाठी छताच्या चौकटीत भोकं पाडावी लागली असती आणि चौकटीच्या पोटात काय आहे याचा कागद आमच्याकडे नव्हता. दोन्ही बकलं नवी घातली. रेघ पुन्हा ओढली. फेरीनंतर जागेवर.

थडथड

हिच्यावर सगळ्यांत कमी वेळ गेला. मागच्या कोपऱ्यात कापडाची बोटभर घडी बीडिंगच्या बाहेर डोकावत होती आणि वाऱ्यात फडफडून टपावर आपटत होती. इलॅस्टिकची दोरी मेलेली, त्यामुळे कापड आत ओढलंच जात नव्हतं. शिवाय हे दोघं छत उतरवताना दारं-काचा सगळं बंद ठेवायचे, थंडी आत नको म्हणून. छत खाली येताना आतली हवा जाणार कुठे? ती कापडाला बाहेर फुगवते आणि कापड कडेत सापडतं. नवी दोरी घातली, आणि छत उतरवण्याआधी सरकतं दार उघडायची सवय लावली. मिटल्यावर कडेनं हात फिरवत एक चक्कर, बाहेर आलेलं कापड आत. ‘कधी असते, कधी नसते’ याचं कारणही हेच: त्या दिवशी घडी कशी पडली, त्यावर.

परिणाम

फोम काढून आणि कापड नीट करून १०० ला ७४ चे ७२ झाले. नवं बीडिंग आणि बकलं यांनी ६९.५. शीळ बंद केल्याचा फरक मात्र आकड्यात अर्ध्या डेसिबलएवढाही दिसला नाही, आणि तरी तिच्या मते सगळ्यांत मोठा आराम तोच. मला हे पटतं. एकच बारीक सूर एकूण आवाजात फारशी भर घालत नाही, पण कान त्याच्याभोवती घोटाळत राहतो. नुसत्या आकड्यावर काम केलं असतं तर शीळ यादीत शेवटी गेली असती.

सूं-सूं गेल्यावर दोघांना आरशांची घूं-घूं आणि टायरचा घोघरा आवाज ऐकू यायला लागला. ‘हे नवीन सुरू झालं का?’ तो काळजीनं विचारत होता. नवीन काही नव्हतं. मोठा बोलणारा गप्प बसला की बाकीचे ऐकू येतात.

चार महिन्यांनी त्यानं ती पाटी शेवटी लावलीच. मोजून पाहिलं. एक डेसिबलच्या आतला फरक, म्हणजे आमच्या पद्धतीत काहीच नाही. तो म्हणतो गाडी शांत झाली. ती काही बोलत नाही, पण पाटीवर मेलेले किडे पुसायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी ॲपमध्ये टाकायला हवं होतं. सूर वेगाबरोबर चढतो की तिथेच राहतो एवढं कळलं असतं तरी पॅनेलवरचा दिवस वाचला असता.

टेपच्या पहिल्याच फेरीत गाडीवरची प्रत्येक उघडी नळी, रिकामं स्क्रूचं भोक, पट्ट्यांची टोकं क्लेनं बंद करून टाकायला हवी होती. पाच मिनिटांचं काम आहे. आता मी ते सगळ्यांत आधी करतो.

तिसरी गोष्ट विचारपूस. आधीच्या मालकानं बाजूचा तंबू काढून विकला होता, आणि बूच बहुधा तेव्हाच पडलं. ‘गाडीवरून अलीकडे काय काढलं किंवा चढवलं?’ हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारला असता तर पट्टीपर्यंत पहिल्या तासात पोचलो असतो.

बीडिंग अर्धंच बदलण्याच्या निर्णयाबद्दल मी अजून पूर्ण निश्चिंत नाही. वर्षानं पुन्हा कागद ओढून पाहिले तेव्हा जुन्या आणि नव्या रबराच्या जोडाशी एका बाजूला पकड जराशी हलकी लागली. आवाज नाही, पाणी नाही, म्हणून ठेवलं आहे. पट्ट्यांवरच्या पेन्सिलच्या रेघा मात्र तिनं पुसू दिलेल्या नाहीत, दर लांबच्या प्रवासात पहिल्या थांब्याला ती त्या बघते.

मुक्कामाच्या वाऱ्याचा प्रश्न वेगळा. छत उघडं असताना कापड रात्रभर फडफडतं, ही तक्रार त्यांनी शेवटी काढली. त्याला बीडिंगचा संबंध नाही. या गाडीचं छत मागे बुटकं आणि पुढे उंच, म्हणून बुटकी बाजू वाऱ्याकडे करून उभी केली की वारा उतारावरून वर सरकून जातो आणि पुढचं उंच कापड आडोशाला येतं. वारा फारच असला तर छत मिटून खाली झोपायचं.

एक आवाज राहिला आहे. तो चालवतो त्या बाजूनं आडवा वारा असला आणि वेग ९५ च्या पुढे गेला की फार खालच्या पट्टीत काहीतरी घुमतं. टेप लावून झाली, क्ले लावून झाली, पॅनेल एकदा पूर्ण काढूनही झालं. त्या दिवशी ते ८५ नं जातात.